बेटावरच्या पार्सलसाठी परतीचा डबा: कोणता घ्यावा, कोणता टाळावा

निकाल आधी सांगायचा तर, बेटावरच्या खानावळीने काळ्या प्लास्टिकच्या पार्सल डब्याऐवजी साधा, सरळ बाजूंचा, दाबून बसणाऱ्या झाकणाचा स्टीलचा डबा घ्यावा. 304 प्रतीचा, 24 गेज जाडीचा, कडी नसलेला, रबर नसलेला. रश्शासाठी क्लिपांचा आणि सिलिकॉनच्या रिंगचा डबा लागतोच, पण तो मोजून घ्यावा: तीन साध्या डब्यांमागे एक. काच आणि जाड प्लास्टिक आम्ही सुचवत नाही. दिसण्याचा इथे प्रश्न नाही. खारी हवा, गोडं पाणी आणि होडीतली जागा या तीन गोष्टींवर ते नापास होतात.

घारापुरी समोर ठेवून ही पारख केली आहे. गेटवेपासून साधारण 10 किलोमीटर, लाँचने तासाभराचं अंतर, म्हणून हे बेट मुंबईच्या अंगणातलं वाटतं. पण शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तिन्ही गावांत जे येतं ते पाण्यावरून येतं, आणि जे उरतं ते पाण्यावरूनच परत न्यावं लागतं. समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून इथे कायमची वीज आली ती 2018 मध्ये. पाण्याची भिस्त पावसावर, त्यामुळे उन्हाळ्यात ओढ. लेणी 1987 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. सोमवार सोडून रोज पर्यटक येतात, पायऱ्या चढता-उतरता खातात आणि संध्याकाळच्या लाँचने निघून जातात. त्यांनी टाकलेला डबा बेटावरच राहतो.

कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्राच्या 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेत अन्न बांधून देण्याचे एकदा वापरायचे डबे-वाट्या आलेल्या आहेत. केंद्राची 1 जुलै 2022 पासूनची बंदी ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ अशा वस्तूंवर आहे. काळा झाकणाचा डबा त्या यादीत नाही. अनेक दुकानदारांचा गोंधळ इथेच होतो. केंद्राची यादी वाचून ते निर्धास्त होतात आणि राज्याची विसरतात.

लक्षद्वीपमध्ये हाच प्रश्न फार कडक होतो. 36 बेटांपैकी 10 वर वस्ती, सगळी जमीन मिळून 32 चौरस किलोमीटर. प्रवाळाच्या वाळूखाली गोड्या पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. तिथे खड्डा खणून कचरा पुरला की त्याचा निचरा थेट पिण्याच्या पाण्यात. म्हणून खाली जिथे घारापुरीपेक्षा वेगळा सल्ला लागेल तिथे लक्षद्वीपचा उल्लेख केला आहे.

स्टीलची पारख

दुकानात सगळं स्टील सारखंच चकाकतं. भांड्यांत मुख्यतः तीन जाती भेटतात. 430 मध्ये क्रोमियम 16 ते 18 टक्के असतं, निकेल जवळजवळ नसतंच. 200 मालिकेत (202, जे4 वगैरे) निकेल वाचवण्यासाठी मँगनीज वाढवलेलं असतं. 304 मध्ये क्रोमियम 18 ते 20 आणि निकेल 8 ते 10.5 टक्के, जुने लोक यालाच 18/8 म्हणतात. मुंबई-पुण्याच्या घरात 202 चा डबा वर्षानुवर्षं टिकतो, कारण त्याला सतत मीठ लागत नाही. बेटावर हवेतच मीठ आहे. क्लोराइड स्टीलवरचा क्रोमियम ऑक्साइडचा अदृश्य थर एखाद्या ठिकाणी फोडतं आणि तिथे टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडतो. बाकी डबा लखलखीत असतो, तो एक ठिपका मात्र खोल जात राहतो. 202 वर हे लवकर होतं, 304 वर बरंच उशिरा.

दुकानदार चुंबक लावून दाखवतो. त्यावर विसंबू नका. चुंबकाने फक्त 430 वेगळं काढता येतं. 202 आणि 304 दोन्हींना तो चिकटत नाही. शिवाय पत्रा खोल दाबून केलेल्या 304 च्या डब्याच्या कोपऱ्यांशी चुंबकाला किंचित ओढ जाणवते आणि तेवढ्यावरून लोक चांगला माल परत करतात. खात्री हवी असेल तर थेंब टाकून पाहण्याचं द्रावण मिळतं. छोट्या बॅटरीसोबत ते वापरतात आणि मँगनीज जास्त असेल तर थेंब लालसर होतो. शंभरभर डबे एकदम घेणाऱ्याने ही बाटली आधी विकत घ्यावी आणि प्रत्येक खोक्यातला एक डबा तपासावा. तळाशी नुसतं ‘फूड ग्रेड’ लिहिलेलं असेल तर त्यावरून जात कळत नाही. स्टीलच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं करणारा आदेश केंद्राने 2024 मध्ये काढला आहे. त्या चिन्हासोबत जातीचा आकडा मागून घ्या आणि बिलावर ‘304’ लिहून घ्या.

316 घ्यावं का, असं विचारलं जातं. त्यात 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं आणि जहाजाच्या सामानाला ते योग्यच आहे. डब्याला त्याची गरज नाही. डबा खाऱ्या पाण्यात पडून राहत नाही, रोज गोड्या पाण्याने निघतो. तोच पैसा जास्त डब्यांत घालावा.

जाडीकडे मात्र लक्ष हवं. 24 गेज म्हणजे सुमारे 0.56 मिलिमीटर, 26 गेज म्हणजे 0.46. 12 सेंटिमीटर व्यासाचा, 6 सेंटिमीटर उंचीचा डबा काठोकाठ साधारण 680 मिलिलिटरचा होतो. 24 गेजमध्ये झाकणासह त्याचं वजन सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास भरलं पाहिजे. 180 च्या आसपास भरला तर पत्रा 26 गेजचा आहे. भांडी किलोवर विकली जातात, त्यामुळे पातळ माल नगामागे स्वस्त दिसतो. बेटावर डबा क्रेटमधून दगडी पायऱ्यांवर, धक्क्यावर, होडीच्या फळीवर आपटत जातो. 26 गेजचा काठ एकदा चेपला की झाकण बसत नाही, आणि झाकण न बसणारा डबा पार्सलला बाद.

काठ हा या डब्याचा सगळ्यात दुर्लक्षित भाग. पत्र्याची कड बाहेर वळवून गोल केलेली असते. ती वळी नीट मिटलेली नसेल तर आत पाणी शिरतं, त्यात मीठ राहतं आणि काही आठवड्यांनी काठाखालून तपकिरी ओघळ दिसू लागतो. डबा गंजला म्हणून लोक टाकून देतात. खरं तर फक्त वळी सडलेली असते. खरेदीआधी एक डबा कढत पाण्यात बुडवून पाहा. वळीतून बारीक बुडबुडे निघाले तर फट आहे. वळीऐवजी कड घासून गुळगुळीत केलेला सपाट काठ मिळाला तर तो बेटासाठी अधिक चांगला, फक्त बोटाला धार लागत नाही ना ते पाहावं.

कडी, मूठ, क्लिपची आकडी या गोष्टी डब्याला ठिपक्यांच्या वेल्डिंगने जोडतात. तिथे दोन पत्र्यांमध्ये केसाएवढी फट राहते आणि उष्णतेने त्या जागेचं स्टीलही थोडं कमजोर झालेलं असतं. खाऱ्या हवेत गंजाची सुरुवात नेमकी तिथून होते. साध्या डब्याला जोड नाही, म्हणून त्याला पहिली पसंती.

झाकण, रिंग आणि आतलं जेवण

दाबून बसणाऱ्या झाकणाची कड किमान दीड सेंटिमीटर खोल असावी. त्याहून उथळ झाकण लाँच हलली की सुटतं. हा डबा पाणी धरत नाही हे मान्य करूनच घ्यायचा. भात, सुकं, भाजी, तळलेले तुकडे, पोहे, उसळ, दाटसर डाळ यांना तो पुरतो. काठापासून दोन सेंटिमीटर रिकामे सोडून भरायचा आणि उभाच ठेवायचा.

रस्सा, सोलकढी आणि पातळ आमटी यांसाठी क्लिपांचा डबा. इथे पारख झाकणाची करायची. बहुतेक डब्यांचं झाकण प्लास्टिकचं असतं आणि चारही क्लिपा त्याच प्लास्टिकच्या पातळ बिजागरीवर फिरतात. आधी तुटते ती हीच बिजागरी, विशेषतः झाकणं उन्हात वाळवली तर. स्टीलचं झाकण आणि स्टीलच्या तारेच्या क्लिपा असलेला डबा महाग पडतो, पण त्याची क्लिप सुटी मिळते आणि हातानं बसवता येते. सुटा भाग न मिळणारा डबा बेटावर घेऊच नये. क्लिप तुटली तर दुरुस्तीला मुंबईची खेप पडते आणि तेवढ्यासाठी कोणी जात नाही.

सिलिकॉनची रिंग दोनशे अंशांपर्यंत टिकते, उकळत्या पाण्यात धुता येते, पण वास धरते. बांगड्याचं कालवण एकदा भरलं की दुसऱ्या दिवशी त्याच डब्यातल्या खिरीला तो वास लागतो. त्यामुळे मासळीचे डबे आणि गोडाचे डबे वेगळेच ठेवावेत. रिंगेचा रंग वेगळा घेतला की चूक होत नाही. रिंगेखालच्या खाचेत तेल आणि ओल साचते आणि तिथे काळी बुरशी धरते. प्रत्येक धुण्यात रिंग काढलीच पाहिजे. नखाने ओढून काढली तर ती चिरते. चमच्याच्या दांड्याने उचलावी. दहा डब्यांमागे तीन-चार रिंगा जादा, डब्यांसोबतच विकत घ्याव्यात. पुढच्या वर्षी त्याच मापाची रिंग मिळेलच असं नाही.

गरम रस्सा भरून लगेच क्लिपा लावल्या तर आतली वाफ थंड होताना आकसते आणि झाकण इतकं घट्ट ओढलं जातं की गिऱ्हाईक सुरी घालून ते उचकटतं. रिंगा फाटण्याचं मोठं कारण हेच. भरल्यावर दोन-तीन मिनिटं झाकण नुसतं ठेवावं, वाफ जाऊ द्यावी, मग क्लिपा लावाव्यात. वाफ सोडायचं छोटं बूच असलेलं झाकण मिळालं तर उत्तम, पण ते बूच म्हणजे हरवणारी आणखी एक वस्तू.

तळलेल्या मासळीची अडचण वेगळी. बंद डब्यात वाफ पुन्हा तुकड्यावर पडते आणि रव्याचं आवरण मऊ पडतं. तळाशी केळीच्या पानाचा तुकडा घालावा, तुकडे एकावर एक रचू नयेत, झाकण एका बाजूने सैल ठेवावं. भाकरी डब्यात घालूच नये. सुती कापडात बांधलेली भाकरी अधिक चांगली राहते आणि डब्यातली जागा वाचते.

कोकम, चिंच आणि मीठ एकत्र असलेलं काहीही स्टीलच्या डब्यात रात्रभर ठेवू नये. आंबट आणि खारट मिळून चांगल्या स्टीलवरही ठिपके पाडतात. परत आलेला डबा लगेच धुवायला सवड नसेल तर निदान विसळून उपडा घालावा. ॲल्युमिनियमचे डबे आंबटामुळेच बाद: सोलकढीने ते आतून काळवंडतात आणि चवही बदलते.

प्लास्टिक, काच आणि बाकीचे

पुन्हा वापरायचं जाड प्लास्टिक म्हणजे पॉलिप्रॉपिलिन, तळाशी त्रिकोणात 5 चा आकडा. हलकं आहे, पडून फुटत नाही, उकळत्या रश्शाने वितळत नाही. तरी बेटावर ते तीन ठिकाणी अडतं. त्याला तेल धरून बसतं आणि थंड पाण्याने निघत नाही. गरम पाणी आणि जास्त साबण लागतो, म्हणजे जास्त पाणीही. हळदीचा डाग राहतो, आणि डाग पडलेला डबा गिऱ्हाईक हातात घेत नाही, तो कितीही स्वच्छ असला तरी. हळद उडवायची तर ऊन लागतं. पण तेच ऊन पॉलिप्रॉपिलिनला ठिसूळ करतं. दोन-चार महिने उन्हात वाळवलेल्या डब्याच्या कोपऱ्यात भेगा दिसतात, मग त्याचे तुकडे पडतात. जो कचरा टाळायचा होता तोच जाड होऊन परत येतो.

काचेला वास लागत नाही, डाग पडत नाही, धुवायला सर्वांत सोपी. पण वजन स्टीलच्या दुपटीहून जास्त, आणि लेण्यांच्या पायऱ्यांवर फुटलेली काच अनवाणी पायांना आणि जनावरांना जखम करते. घरात ठेवा, पार्सलला नको. इनॅमलची भांडी दिसायला देखणी, पण टवका उडाला की आतलं लोखंड खाऱ्या हवेत आठवड्यात गंजतं.

उसाच्या चिपाडाचे डबे आणि ताटल्या पर्याय म्हणून पुढे केल्या जातात. त्या एकदाच वापरायच्या आहेत, होडीनेच येतात, आणि पावसाळ्यात गोदामात ओल धरून त्यांवर बुरशी येते. बसून खाणाऱ्याला ताट द्या, तेही नसेल तर केळीचं पान. पान बेटावर उगवतं आणि गुरं खातात.

धुणं

डब्याची निवड धुण्यावर ठरते. वाहत्या नळाखाली एक डबा घासून विसळायला तीन-चार लिटर सहज जातात. तीन टबांत तेच काम डब्यामागे एका लिटरात होतं. पहिल्या टबात 15 लिटर कोमट पाणी आणि साबण, दुसऱ्यात 15 लिटर स्वच्छ पाणी विसळायला, तिसऱ्यात 10 लिटर कढत पाणी. एवढ्यात झाकणांसह 40 डबे निघतात. मात्र आधी खरकटं पुसून काढलं पाहिजे. रबरी पट्टी किंवा जुन्या पोळीचा तुकडा फिरवला की तेलाचा मोठा भाग जातो. हे टाळलं की पहिला टब पंधराव्या डब्यालाच तेलकट होतो आणि पुढचे पंचवीस डबे तेलात बुडून निघतात. मासळीचे डबे नेहमी शेवटी घ्यावेत.

तिसऱ्या टबातलं पाणी 77 अंशांच्या वर असावं आणि डबा त्यात पूर्ण 30 सेकंद बुडावा. हात घालता येत नाही, म्हणून तारेची जाळी किंवा तळणाची मोठी चाळणी लागते. पाणी थंड होत जातं, तेव्हा स्वयंपाकाचा थर्मामीटर टबातच टांगून ठेवा. 10 लिटर पाणी 30 अंशांवरून 80 पर्यंत न्यायला 0.58 युनिट वीज लागते. दीड हजार वॅटच्या रॉडने सुमारे 23 मिनिटं. गॅसवर, शेगडीची निम्मी उष्णता वाया जाते असं धरलं तर 90 ग्रॅमच्या आसपास. सिलिंडरही होडीनेच येतो, त्यामुळे छपरावर सौर बंब असेल तर 60 अंशांचं पाणी त्यातून घेऊन फक्त वरची वीस अंशं गॅसने चढवावीत. खर्च निम्म्याहून खाली येतो.

कढत पाण्याऐवजी क्लोरीन वापरता येतं: 5 टक्क्यांचं द्रावण असेल तर 10 लिटरला 10 मिलिलिटर, म्हणजे 50 पीपीएम (दहा लाख भागांत 50 भाग). पण स्टीलच्या डब्यांसाठी आणि त्यातही विहिरीचं पाणी मचूळ असेल तर आम्ही ते टाळायलाच सांगू. क्लोरीन आणि मीठ मिळून ठिपके पाडतात. रात्रभर क्लोरीनच्या पाण्यात भिजत टाकलेले डबे महिन्याभरात खराब दिसतात. वापरायचंच झालं तर एक मिनिट, आणि लगेच बाहेर.

लोखंडी तारेची घासणी स्टीलच्या डब्याला लावू नका. तिचे सूक्ष्म कण पृष्ठभागात रुततात, ते गंजतात, आणि डबाच गंजल्यासारखा दिसतो. काथ्या सर्वांत बरा. लक्षद्वीपमध्ये तर तो घरचाच. तिथल्या विहिरींचं पाणी प्रवाळातल्या चुन्याने जड असतं, साबणाचा फेस कमी होतो आणि वाळलेल्या डब्यावर पांढरी पुटं धरतात. आठवड्यातून एकदा लिंबाचा किंवा व्हिनेगरचा हात फिरवून लगेच धुतलं की ती जातात. कवरत्तीला 2005 पासून समुद्राच्या पाण्यातून रोज एक लाख लिटर गोडं पाणी काढणारं संयंत्र आहे; तसं पाणी जिथे मिळतं तिथे शेवटचं विसळणं त्यानेच करावं, आधीचं विहिरीच्या पाण्याने चालेल.

फडक्याने पुसू नये. सावलीत, वाऱ्यावर, जाळीवर उपडे, झाकणं वेगळी. अर्धवट ओला डबा झाकण लावून ठेवला की सकाळी कुबट वास येतो, आणि पावसाळ्यात हे रोज होतं. कढत पाण्यातून निघालेला डबा लवकर वाळतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये तिसरा टब अजिबात वगळू नका.

किती डबे, किती अनामत

रोज 40 डबे बाहेर जात असतील आणि ते सरासरी दोन दिवसांनी परत येत असतील, तर धुण्या-वाळण्याचा एक दिवस धरून 40 गुणिले 3, म्हणजे 120. त्यावर वीस टक्के राखीव: 144. झाकणं दहा टक्के जादा. सगळा माल एकाच कारखान्याचा, एकाच मापाचा, एकाच खेपेत घ्यावा. दोन दुकानांतल्या ‘12 सेंटिमीटर’ डब्यांची झाकणं एकमेकांना बसत नाहीत, आणि पन्नास डब्यांच्या ढिगात जोड्या लावत बसण्यात माणसाचा तास जातो.

आता हिशेब. समजा एकदा वापरायचा डबा 8 रुपयांना पडतो, स्टीलचा 200 ला, आणि एक धुणं पाणी, इंधन, साबण, मजुरी धरून 2 रुपयांना. दर फेरीला 6 रुपये वाचतात, म्हणजे 34 फेऱ्यांत डबा आपले पैसे परत करतो. पण दर फेरीला शंभरांतले 5 डबे परत येत नसतील तर एका डब्याला सरासरी 20 च फेऱ्या मिळतात आणि योजना तोट्यात जाते. गळती 2 टक्क्यांवर आणली की सरासरी 50 फेऱ्या, मग फायदा. या आकड्यांत मर्यादा जेमतेम 3 टक्क्यांची आहे. डबा कितीही चांगला असो, सगळं परतीवर अवलंबून आहे. आपापले भाव घालून ही आकडेमोड खरेदीआधी करावी.

इथे बेटाचा एक मोठा फायदा आहे, जो शहरातल्या हॉटेलाला कधीच मिळत नाही. गेटवेहून आलेला पर्यटक शेतबंदरच्या धक्क्यावर उतरतो आणि तिथूनच परत जातो. डबा घेणारं टेबल त्या धक्क्यावर, लाँचच्या रांगेला लागून हवं. अनामत तिथेच, रोख किंवा यूपीआयने, पावती न मागता परत. प्रत्येक टपरीने आपापले डबे आपल्याच दारात मागितले तर चढण चढून कोणी परत येणार नाही. म्हणून सगळ्या खानावळींचा डबा एकच असावा आणि टेबल बचत गटाने चालवावं, दर डब्यामागे ठरलेली रक्कम घेऊन. अनामत डब्याच्या खरेदीकिमतीच्या निम्म्याहून कमी नको. दहा-वीस रुपयांत स्टीलचा डबा मिळतोय म्हटल्यावर तो आठवण म्हणून घरी जातो. तमिळनाडूतल्या निलगिरी जिल्ह्यात दारूच्या बाटल्यांवर 2022 पासून 10 रुपये अनामत आहे आणि ती चालते, कारण रिकाम्या बाटलीचा घरात उपयोग नाही. स्टीलच्या डब्याचा प्रत्येक घरात उपयोग आहे.

मुंबईचे डबेवाले 1890 पासून हेच करत आले आहेत. त्यांच्याकडे रिकामा डबा परत आणणं हा पोचवण्याच्याच कामाचा दुसरा भाग आहे. तो गिऱ्हाइकावर सोडलेला नाही. बेटावरच्या योजना बहुधा फसतात त्या परत आणण्याचं काम कोणाचंच नसल्यामुळे.

गावातल्या लोकांकडून अनामत घेऊ नये, घेतली तर ते दुखावतात आणि ते योग्यच आहे. शेजारचं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही ही आपल्याकडची रीत. तिथे वही पुरते. नाव, डब्याचा क्रमांक, तारीख. क्रमांक भांड्यांच्या दुकानात नावं घालतात त्या यंत्राने तळाच्या बाहेरच्या बाजूला कोरून घ्यावा. स्टिकर लावू नका, गोंदाखाली पाणी साचून तिथेच ठिपका पडतो. काठावर किंवा आत कोरू नये.

सरळ बाजूंच्या डब्याचा एक दोष मान्य केला पाहिजे: ते एकमेकांत बसत नाहीत, रिकामे असले तरी भरल्याइतकीच जागा खातात. 120 डब्यांना 40 लिटरचे तीन क्रेट लागतात. घारापुरीत डबे धक्का ते खानावळ एवढेच फिरतात, त्यामुळे चालून जातं. लक्षद्वीपमध्ये एका बेटावरून दुसऱ्यावर किंवा मुख्य भूमीवर रिकामे डबे पाठवायचे असतील तर तोंडाशी रुंद, तळाशी निमुळते डबे घ्यावेत. तेवढेच डबे झाकणांसह जेमतेम एका क्रेटमध्ये मावतात. फक्त ते पूर्ण कोरडे झाल्यावरच एकात एक घालावेत, नाहीतर चिकटून बसतात आणि ओढताना काठ चेपतो.

सोमवारी लेणी बंद असतात, तो दिवस मोजणीचा. सगळे डबे एकत्र आणून क्रमांक वहीशी ताडावेत, रिंगा उकळून घ्याव्यात, प्रत्येक काठावर झाकण बसवून पाहावं, ठिपका दिसला तर मऊ घासणी आणि खायच्या सोड्याने घासावा. चेपलेला काठ लाकडी हातोडीने आतून हळूहळू ठोकला की बहुतेक वेळा सरळ होतो. जो होत नाही तो डबा कोरडं सामान ठेवायला वापरावा, आणि असे दहा-बारा साठले की भांड्यांच्या दुकानात मोडीत द्यावेत. 304 ची मोड वजनावर घेतात आणि 202 पेक्षा तिला भाव जास्त मिळतो, म्हणून खरेदीचं बिल सोबत न्यावं. झाकणं मात्र मोडीत देऊ नका. चांगली झाकणं नेहमीच कमी पडतात.